काजळ गाभण राहिली : गोठवलेले वीर्य, प्रोजेस्टेरॉनचे आकडे आणि परागच्या रंगाचा हिशेब

आमची लॅब्राडॉर कुत्री काजळ हिच्या सोनोग्राफीत गर्भपिशव्या दिसल्या आहेत आणि त्यांतील बहुतेकींत हृदयाची लुकलुक स्पष्ट होती. पिल्लांचा बाप पराग हयात नाही, त्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या (वीर्य साठवण्याच्या बारीक नळ्या) मोजक्याच आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या या माजात वापरल्या आहेत. त्यामुळे हा आनंद मोठा आहे. पिल्ले किती, हे आज सांगता येणार नाही. सोनोग्राफीवरची संख्या भरवशाची नसते. ती ५५ व्या दिवसानंतरच्या एक्स-रेत हाडांचे सांगाडे मोजूनच कळेल.

मागील नोंद वाचलेल्यांना आठवत असेल की या आधीचा माज फसवा निघाला होता. रक्तस्राव, सूज, नरांचे आकर्षण हे सगळे व्यवस्थित झाले, रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक २ नॅनोग्रॅमच्या आसपास गेले आणि तिथून पुन्हा १ च्या खाली उतरले. असा दुभंगलेला माज तरुण मादीत विशेष दिसतो आणि काही आठवड्यांनी खरा माज येतो, हे माहीत असल्यामुळे आम्ही कांडी बाहेर काढली नव्हती. पशुवैद्यांनी त्या वेळी दाखवलेल्या संयमाचे मोल आज कळते. नंतरचा माज खरा निघाला, पण त्यातला योग्य दिवस शोधणे हेच या वेळचे सर्वांत अवघड काम ठरले, म्हणून या नोंदीचा बराचसा भाग त्यावरच आहे.

ताजे वीर्य असते, तर एवढी यातायात करावी लागली नसती. नैसर्गिक मिलनानंतर शुक्रजंतू मादीच्या शरीरात पाच ते सात दिवस तग धरू शकतात, त्यामुळे एक-दोन दिवसांची चूक खपून जाते. गोठवून वितळवलेल्या शुक्रजंतूंचे आयुष्य मात्र १२ ते २४ तासांइतकेच धरायचे. दुसरीकडे कुत्रीचे अंडे बाहेर पडताना कच्चे असते. ते फलनक्षम व्हायला आणखी दोन ते तीन दिवस जातात आणि त्यानंतर ते दोन-तीन दिवस टिकते. या दोन्ही गोष्टी जुळायच्या असतील, तर ओव्हुलेशनचा, म्हणजे अंडे बाहेर पडण्याचा, दिवस अंदाजाने नव्हे, खात्रीने माहीत हवा. माजाचा अकरावा दिवस, बारावा दिवस असे पाठ केलेले हिशेब गोठवलेल्या वीर्याला लावू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही नेहमीप्रमाणे स्मिअर (योनीतील पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) आणि प्रोजेस्टेरॉन ही जोडी वापरली. स्मिअरमधील पेशी जवळजवळ सगळ्या कोनेदार आणि केंद्रक हरवलेल्या झाल्या, म्हणजे एस्ट्रोजेनचे काम झाले, एवढे समजले. पण ही स्थिती कित्येक दिवस टिकते, त्यामुळे ओव्हुलेशनचा दिवस तिच्यातून पुढे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी प्रोजेस्टेरॉनच लागते. ओव्हुलेशन घडवणाऱ्या एलएच संप्रेरकाची लाट येते त्या सुमारास ते २ ते ३ नॅनोग्रॅमवर असते आणि त्यानंतर साधारण दोन दिवसांनी, ४ ते ८ च्या दरम्यान, ओव्हुलेशन होते. काजळचे आकडे १.१, मग २.२, मग २.६ असे अतिशय संथ चढत होते. पुन्हा दुभंगलेला माज तर नाही ना, ही शंका मनात असतानाच पुढचा अहवाल ४.९ चा आला. हाच ओव्हुलेशनचा दिवस असे गृहीत धरून द्रवरूप नत्राच्या पिंपाची व्यवस्था करायला आम्ही निघणार होतो.

अहवालाची मांडणी वेगळी दिसली म्हणून चौकशी केली, तेव्हा समजले की प्रयोगशाळेने मधल्या काळात विश्लेषक यंत्र बदलले होते. ही गोष्ट नमुना घेतानाच सांगितली गेली असती, तर बरे झाले असते. वेगवेगळ्या यंत्रांचे प्रोजेस्टेरॉनचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. म्हणून एका माजातील सगळे नमुने एकाच यंत्रावर तपासावेत, हा नियम आपण सगळे पाळतो. त्या दिवशी प्रश्न असा होता की २.६ वरून ४.९ ही चढण काजळच्या शरीरातली होती की यंत्रातली.

इथे एक जुनी सवय उपयोगी पडली. प्रत्येक वेळी रक्त साध्या नळीत घेऊन, जेल असलेली नळी टाळून, सीरम वेगळे केल्यावर त्याचा थोडा भाग मी लेबल लावून फ्रीझरमध्ये ठेवतो. जेलच्या नळीत रक्त बराच वेळ राहिले, तर प्रोजेस्टेरॉन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते, म्हणून साध्या नळीचा आग्रह. आणि गोठवलेल्या सीरममध्ये हे संप्रेरक चांगले टिकते, म्हणून साठवणीचा. जुन्यांपैकी शेवटचे दोन नमुने नव्या यंत्रावर एकत्र लावून घेतले. जुना २.२ चा नमुना तिथे ३.१ आला आणि २.६ चा ३.६. चित्र तत्काळ स्वच्छ झाले: ४.९ हा आकडा जुन्या यंत्राच्या मापात साडेतीनच्या आसपासच होता, म्हणजे चढण खरी होती, पण ओव्हुलेशन अजून व्हायचे होते. पुढच्या नमुन्यात नव्या यंत्राने ७.८ दाखवले, आणि तो दिवस आम्ही ओव्हुलेशनचा धरला. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवला असता, तर रेतन एक दिवस अलीकडे झाले असते आणि अल्पायुषी शुक्रजंतू कच्च्या अंड्यांची वाट पाहत संपले असते. या वेळच्या सगळ्या धडपडीत मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच आहे. ज्यांच्याकडे मोजक्या कांड्या आहेत, त्यांनी सीरमची ही छोटी बाटली जरूर ठेवावी.

व्हजायनोस्कोपीनेही (योनीच्या आतून पाहण्याच्या तपासणीने) साथ दिली. आतील घड्या आधी फुगीर आणि गुलाबी होत्या. त्या फिकट होत, आक्रसत गेल्या आणि ठरलेल्या दिवशी त्यांच्या कडा अगदी धारदार दिसत होत्या. ही तपासणी लवकर आटोपते, तिचे उत्तर लगेच मिळते, तरीही ती बऱ्याच ठिकाणी वगळली जाते, हे मला पटत नाही.

रेतन एंडोस्कोपने, गर्भाशयमुखातून थेट गर्भाशयात केले. पहिले रेतन ओव्हुलेशनपासून तिसऱ्या दिवशी आणि दुसरे त्यानंतर एक दिवसाने. काजळ टेबलावर शांत उभी राहिली, भूल द्यावी लागली नाही. शस्त्रक्रिया करून वीर्य सोडण्याची पद्धत मला आता पूर्णपणे अनावश्यक वाटते. कांड्या ३७ अंशांच्या पाण्यात साधारण एक मिनिट ठेवून वितळवल्या. ७० अंशांना काही सेकंदांची जलद पद्धतही प्रचलित आहे, पण तिच्यात दोन सेकंदांचा उशीरही महागात पडतो; शिवाय वीर्य गोठवणाऱ्याने जी पद्धत लिहून दिली असेल, तीच पाळावी. कांडी कापण्यापूर्वी ती पूर्ण कोरडी पुसावी, कारण पाण्याचा एक थेंबही शुक्रजंतूंना मारक ठरतो. सिरिंजबाबत माझा आग्रह असा की रबरी दट्ट्याची सिरिंज वापरूच नये. रबर शुक्रजंतूंना अपायकारक ठरू शकते आणि संपूर्ण प्लास्टिकच्या सिरिंज सहज मिळतात. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टीही कोमट करून घ्यावी, नाहीतर गार काचेवर चांगले वीर्यही मंद दिसते. परागचे वीर्य वितळल्यानंतर निम्म्याहून किंचित अधिक शुक्रजंतू सरळ पुढे पोहताना दिसले. इतक्या वर्षांच्या साठवणीनंतर ते दृश्य पाहून फार आनंद झाला.

रेतनानंतर स्मिअर थांबवायचे नाहीत, हे पुन्हा सांगतो. कोनेदार पेशी एकाएकी कमी होऊन लहान गोल पेशी आणि पांढऱ्या पेशी दिसू लागतात, तो डायएस्ट्रसचा (माजानंतरच्या टप्प्याचा) पहिला दिवस ओव्हुलेशननंतर सुमारे सहा दिवसांनी येतो. काजळमध्ये तो अपेक्षित दिवशीच आला आणि आमचा दिवस बरोबर ठरला होता, याची पावती मिळाली. गर्भधारणेची खात्री करण्यासाठी प्रोजेस्टेरॉन तपासण्याचा सल्ला काही जण देतात, पण गाभण नसलेल्या मादीतही ते तितकेच चढलेले राहते, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. विण्याची तारीख ओव्हुलेशनपासून ६३ दिवसांची धरली आहे.

आता रंगाकडे वळतो. काजळ काळी आहे; ई स्थानावर (रंग काळा की पिवळा, हे ठरवणारे जनुक) तिच्याकडे एक पिवळा ॲलील (जनुकाची प्रत) आहे आणि बी स्थानावर (रंगद्रव्य काळे की तपकिरी, हे ठरवणारे जनुक) तपकिरीचा एक, तोही बी-एस प्रकारचा. पराग पिवळा होता, म्हणजे ई स्थानावर दोन्ही पिवळे. त्याच्या बी स्थानाच्या जुन्या अहवालाने मात्र मला बराच काळ सतावले, कारण त्यात बी-एस आणि बी-डी या दोन्ही प्रकारांची एकेक प्रत नोंदलेली होती. हे दोन बदल दोन वेगळ्या गुणसूत्रांवर असतील, तर परागकडे शुद्ध काळा बी नाहीच आणि काजळशी जुळवल्यास निम्मी पिल्ले तपकिरी रंगद्रव्याची होतील. दोन्ही एकाच गुणसूत्रावर असतील, तर दुसरे गुणसूत्र निर्दोष आहे आणि हे प्रमाण चतुर्थांशावर येते. अहवाल केवळ प्रती मोजतो, त्या कोणत्या गुणसूत्रावर आहेत, हे तो सांगत नाही. उतारवयातील छायाचित्रांत परागचे नाक फिके दिसत असल्याने त्याच्या रंगावरून खात्रीने काही म्हणता येत नव्हते. पिवळ्या लॅब्राडॉरचे नाक वयाने आणि ऋतूने फिके पडतेच, त्यामुळे अशा वेळी पापण्यांच्या कडा आणि ओठ पाहावे लागतात.

उत्तर त्याच्या जुन्या वंशनोंदीत मिळाले. एका चॉकलेट (तपकिरी) मादीपासून त्याला काळी पिल्ले झाली होती. चॉकलेट मादी काळा बी देऊच शकत नाही, तेव्हा तो परागकडूनच आलेला असणार. म्हणजे दोन्ही तपकिरी बदल एकाच गुणसूत्रावर आहेत. या धाग्यावरून आमचा तक्ता असा बनतो: आठांपैकी तीन वाटे काळी पिल्ले, एक वाटा चॉकलेट, तीन वाटे काळ्या नाकाची पिवळी आणि एक वाटा तपकिरी नाकाची पिवळी. शेवटचा प्रकार प्रदर्शनाच्या रिंगणात चालणारा नाही. सहा पिल्ले झाली, तर त्यांत असे एकही नसण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के येते. ते पिल्लू निरोगीच असेल आणि प्रेमळ घराला त्याच्या नाकाच्या रंगाशी काही देणेघेणे नसते. ही वीण आम्ही रंगासाठी केलेली नाही. परागचे खांद्याचे कोन, त्याचे डोके आणि नितंबांच्या सांध्यांचे उत्तम गुण आमच्या वंशात परत यावेत, यासाठी ती केली आहे. डोळ्यांच्या पीआरसीडी विकाराचा आणि व्यायामाने कोसळण्याच्या ईआयसी विकाराचा अहवाल रंगाच्या तक्त्याआधी पाहिला जातो आणि पुढेही पाहिला जाईल.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट लक्षात येते आहे. उरलेल्या कांड्या काजळच्याच पुढील माजासाठी राखून ठेवायच्या, असा बेत होता. पण आमची दुसरी मादी शेवंती पिवळी आहे, तिचे दोन्ही बी काळे आहेत आणि ती नैसर्गिक मिलनातून एकदा व्यायलेली असल्याने तिची प्रजननक्षमता सिद्ध आहे. तिच्याशी परागचे वीर्य जुळवल्यास सगळी पिल्ले पिवळी आणि सगळी काळ्या रंगद्रव्याची होतील. तपकिरी ॲलील निम्म्या पिल्लांत लपून राहील, पण नाकावर दिसणार नाही. पिवळ्यावर पिवळे पिढ्यान्‌पिढ्या जोडत गेल्यास रंगद्रव्य उतरते, असे अनेक अनुभवी ब्रीडर मानतात. त्यामुळे काजळच्या पिल्लांपैकी एखादी काळी मादी आपल्याकडे ठेवून पुढे तिच्याशी शेवंतीचा मुलगा जुळवावा, असे वाटले होते. पण दोघांचाही बाप परागच असेल, ती सावत्र भावंडांची वीण होईल आणि अंतःप्रजननाचा गुणांक मला मान्य होणार नाही इतका वाढेल. तेव्हा काळ्या मादीसाठी बाहेरचाच नर शोधावा लागेल. शेवंतीचा विचार मात्र पक्का होत चालला आहे.

दुसरी कल्पना रिकाम्या कांड्यांची. त्यांच्या टोकाला राहिलेले थेंब मी वेगळ्या नळीत फ्रीझरमध्ये ठेवले आहेत. परागचा डी स्थानाचा (रंग फिका करणाऱ्या जनुकाचा) अहवाल कधीच झाला नव्हता आणि आता रक्त किंवा लाळ मिळणे शक्य नाही, पण शुक्रजंतूंमध्ये डीएनए आहेच. तो शुक्रजंतूच्या डोक्यात फार घट्ट बांधलेला असतो आणि नेहमीच्या पद्धतीने सुटत नाही, म्हणून नमुना वीर्याचा आहे, हे प्रयोगशाळेला आधीच कळवावे लागेल. काजळकडे डी स्थानावर दोन्ही ॲलील गडद आहेत, त्यामुळे तिच्या पिल्लांना चिंता नाही. शेवंतीची ती तपासणी व्हायची आहे आणि तिच्या माजाआधी दोन्ही अहवाल हाती हवेत. पिल्ले जन्मल्यावर सगळ्यांचे बी स्थान तपासून घेणार आहे. काजळकडे बी-डी नाही, तेव्हा ज्या पिल्लात बी-डी आढळेल, त्यात बी-एसही सापडलाच पाहिजे. एखाद्यात बी-डी एकटा निघाला, तर वंशनोंदीवरून काढलेला माझा निष्कर्ष पुन्हा तपासावा लागेल. एक्स-रे झाला की संख्या कळवतो.