एक आयरिश लोकगीत आणि दोन रॉक बँड

आज दिवसभर ‘व्हिस्की इन द जार’ हे एकच आयरिश लोकगीत वेगवेगळ्या रूपांत ऐकत होतो. कॉर्क आणि केरीच्या डोंगरांत कॅप्टन फॅरेलला लुटणारा वाटमाऱ्या आणि त्याला दगा देणारी प्रेयसी यांची ही गोष्ट ‘द डब्लिनर्स’ हे आयरिश लोकगायक बॅन्जोच्या ठेक्यावर, ऐकणाऱ्यांनीही सूर मिळवावा अशा उत्साहाने गातात. डब्लिनच्याच ‘थिन लिझी’ या रॉक बँडने १९७२ मध्ये मात्र चाल संथ केली, आणि सुरुवातीलाच एरिक बेलची गिटार अशी हुरहूर लावते की फिल लिनॉटच्या आवाजातला दरोडेखोर फुशारकी मारणारा न राहता फसवला गेलेला, एकटा पडलेला माणूस वाटू लागतो. १९९८ मध्ये ‘मेटॅलिका’ या अमेरिकन रॉक बँडने हीच मांडणी उचलून तिच्यावर जड गिटारी आणि ड्रम्सचा मारा चढवला, त्या रूपाला पुढे ग्रॅमीही मिळाले. ते जोरकस आहे आणि मला मनापासून आवडते, पण जेम्स हेटफिल्डच्या गाण्यात संताप जितका आहे तितकी व्यथा नाही. पायांत बेडी पडल्यानंतरचे तुरुंगातले शेवटचे कडवे लिनॉट जवळजवळ बोलल्यासारखे म्हणतो, आणि त्या चार ओळींसाठी मी त्याचीच बाजू घेईन.