बेंड पाइपवर एक थेंबही नको

मोटरसायकलचं ऑइल बदलताना जे सांडतं ते बहुतेक वेळा चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाशी साठलेलं, नसतं. ऑइल काढायच्या खालच्या बोल्टखाली, म्हणजे ड्रेन बोल्टखाली, घमेलं सरकवलं की तिथलं सगळं निमूट घमेल्यात पडतं. सांडतं ते फिल्टरमागचं. चेंबर रिकामं झालं तरी फिल्टरच्या कप्प्यात थोडं ऑइल अडून राहतं, आणि कव्हर सैल झालं की ते इंजिनच्या अंगावरून ओघळत थेट बेंड पाइपवर, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम नळीवर, उतरतं. पुसलं तरी सांदीत राहतंच. मग सिग्नलला उभं राहिलं की पायापाशी धूर, आणि शेजारचा रिक्षावाला काळजीने सांगतो, "मॅडम, गाडी जळतेय तुमची."

माझी पल्सर 150. नवऱ्याने स्कूटर घेतली तेव्हापासून ती माझीच. चिंचवडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिकट रंगाचे पेव्हर ब्लॉक बसवलेत, आणि त्यांच्यावर तेलाचा डाग पडला की तो पुढच्या मीटिंगपर्यंत निघत नाही, विषयपत्रिकेवरूनही नाही. म्हणून न सांडता ऑइल बदलणं हा माझा छंद नाही, नाइलाज आहे.

यात हाताच्या सफाईपेक्षा स्टँडचं महत्त्व जास्त. पल्सरचा फिल्टर उजव्या बाजूला, क्लच कव्हरमध्ये आहे. साइड स्टँड लावला की गाडी डावीकडे कलते, म्हणजे फिल्टरचं तोंड वर होतं. कप्प्यातलं ऑइल मग बाहेर धावायच्या ऐवजी आतल्या अंगाला साचतं. तेव्हा ड्रेन डबल स्टँडवर, गाडी सरळ ठेवून. फिल्टर साइड स्टँडवर. आणि नवीन ऑइलची पातळी बघायची ती पुन्हा डबल स्टँडवर. गॅरेजमध्ये सगळंच डबल स्टँडवर होतं, कारण तिथे खालची फरशी आधीच काळी असते.

इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवायचं म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळही त्याच्याबरोबर येतो. मग मात्र दम धरायचा. बेंड पाइपला हात लावता आला पाहिजे. घाई केली तर मनगट भाजतं. मी तेवढ्या वेळात सामान मांडून घेते: घमेलं, रद्दी, जुन्या बनियनच्या चिंध्या, मेडिकलमधून आणलेली 20 मिलीची सिरिंज आणि स्वयंपाकघरातला फॉइलचा रोल. फॉइल खाली निघाला की लेक वरून ओरडते, "आई, डब्याच्या पोळ्या कशात गुंडाळणार आहेस?"

फॉइल कशाला, ते सांगते. हातभर तुकडा घ्यायचा, दुहेरी घडी घालायची, दोन्ही कडा उभ्या मुडपून पन्हळ करायची. तिचं वरचं टोक फिल्टर कव्हरच्या अगदी खाली, इंजिनला चिकटवून दाबायचं. मधला भाग बेंड पाइपवरून न्यायचा. खालचं टोक घमेल्यात. फॉइल दाबू तसा बसतो, तिथेच राहतो, आणि पाइप थोडा गरम असला तरी वितळत नाही. दुधाची पिशवी कापून हेच करणारे आहेत, पण पिशवी गरम पाइपला चिकटली तर तेल परवडलं म्हणायची वेळ येते. तो वास आठवडाभर जात नाही.

आता कव्हरचे तीन बोल्ट. एकही पूर्ण काढायचा नाही. तिन्ही आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा सैल करायचे आणि कव्हरच्या कडेला पान्याच्या दांड्याने हलकं ठोकायचं. कव्हरमागची रबरी ओ-रिंग सुटते तेव्हा बारीक चुळुक असा आवाज येतो आणि खालच्या कडेला एक काळा, चकचकीत थेंब फुगायला लागतो. तो घरंगळून फॉइलवर गेला, मागून दुसरा आला की समजायचं पन्हळ बरोबर लागली. इथे थांबून राहायचं. धार बंद झाली, थेंबांमधलं अंतर वाढलं की मगच बोल्ट काढायचे. कव्हर ओढून न काढता वरची कड आधी मोकळी करायची, मग फटीतून सिरिंजचं तोंड आत घालून साचलेलं ऑइल ओढून घ्यायचं. दोन-तीन सिरिंजा भरल्या की कप्पा जवळजवळ कोरडा. खालचे काका एकदा हे बघून म्हणाले, "वहिनी, इंजेक्शन देताय का रक्त काढताय?" तेच काका हल्ली सिरिंज मागून नेतात.

जुना फिल्टर बाहेर काढताना त्याची कोणती बाजू आत होती ते बघून ठेवा. मोबाइलवर फोटो काढलेला बरा. उलटा बसवलेला फिल्टर कव्हर लावल्यावर दिसत नाही. काही गाड्यांत स्प्रिंग असते, ती जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात जाते आणि मग शोधाशोध. कप्पा पुसताना चिंधीचे धागे आत राहू द्यायचे नाहीत. ओ-रिंग नवीच, तिला बोटाने ताजं ऑइल चोळून. आणि बोल्ट आवळताना जोर दाखवायचा नाही. अॅल्युमिनियममधले बारीक आटे आहेत, साधारण 10 न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे आखूड पान्याने मनगटाचा जोर. आटे गेले तर फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बसतो. ड्रेन बोल्टचा वायसरही बदला, दोन-पाच रुपयांसाठी रोज थेंब गळायला नको.

नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, ग्रेडही तीच, आणि डब्यावर जासो एमए (JASO MA, मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघून. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, घर्षण कमी करणारं कारचं ऑइल घातलं की तो घसरायला लागतो. दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थोडं थांबा आणि इंजिनवरच्या छोट्या काचेत पातळी बघा. फिल्टरचा कप्पा आता भरलेला असतो, त्यामुळे पातळी किंचित उतरते. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे असली की झालं.

स्प्लेंडरवाल्यांनी एवढा उपद्व्याप करायची गरज नाही; तिच्यात कागदी फिल्टरच नाही, जाळी आणि फिरणारा फिल्टर असतो, आणि तो उघडायचा म्हणजे क्लच कव्हरच खोलावं लागतं. इंटरसेप्टर 650 सारख्या गाडीला मात्र डब्यासारखा फिरवून काढायचा फिल्टर पुढच्या बाजूला असतो, तिथे स्टँडची युक्ती चालत नाही. तो थोडा सैल करून, हाताला सोसेल इतका थंड झाल्यावर, वरून जाड पिशवी चढवायची आणि पिशवीतच फिरवून काढायचा. जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघायचंच. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल असं सुटतं की सोसायटीची मीटिंग लगेच बोलवावी लागेल.

एवढं करूनही चार थेंब पडलेच तर घासायला जाऊ नका, घासलं की ब्लॉक ते पिऊन टाकतो. वरून रांगोळी टाका, जाडसर थर, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी झाडून परत एकदा.

जळकं ऑइल मागायला सेंट्रिंगवाले येतात, प्लेटांना लावायला. गावाकडे सासरे वाळवीसाठी लाकडांना फासतात. मी देत नाही, सासऱ्यांशी त्यावरून एकदा वादही झाला. कायद्याने तो घातक कचरा आहे, 2016 च्या नियमांत तसं आहे, आणि जमिनीत मुरलं तर विहिरीपर्यंत जातं. जुना फिल्टर रात्रभर घमेल्यात पालथा ठेवते, निथळलेलं सगळं नवीन ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरते, आणि सामान जिथून घेते त्या गॅरेजच्या पिंपात ओतून येते. त्यांच्याकडे ते नेणारी गाडी येते. गॅरेजवाला मला बघितलं की विचारतो, "आज पण आमचं गिऱ्हाईक मारलं का, ताई?"