पाणी काढून देण्याचे दिवस

विदर्भात घरामागच्या सांदवाडीत भाजीपाला लावणाऱ्याचे वर्षातले आठ महिने पाणी आणण्यात जातात आणि उरलेले चार ते बाहेर काढून देण्यात. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना भांडी विसळलेले पाणीसुद्धा कढीलिंबाच्या बुडाशी ओतणारी आम्ही माणसे मृगाच्या सरीकडे डोळे लावून बसतो आणि ती आली की बागेची काळजी मिटली असे समजून पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवतो. माझा अनुभव मात्र असा आहे की उन्हाळ्याने मारलेल्या झाडांपेक्षा श्रावणातल्या झडीने मारलेली झाडे जास्त असतात. उन्हाने झाड सुकताना दिसते आणि आपण धावतो. झडीत ते जमिनीखाली मरत असते आणि वरून आठवडाभर हिरवेच दिसते.

याचे मूळ आमच्या काळ्या मातीत आहे. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात मनगटापर्यंत आत जावा. पहिले दोन-तीन पाऊस या भेगांतून सरळ खाली उतरतात. त्यानंतर चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि मग वरून पडणारे पाणी आत जायला तयारच नसते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की ती गुदमरतात, कुजू लागतात, आणि तीन दिवसांच्या झडीनंतर लख्ख ऊन पडले की घोट्याइतक्या पाण्यात उभे असलेले मिरचीचे झाड दुपारी तहानेने मान टाकते. ते कोमेजलेले पाहून पुन्हा तांब्याभर पाणी घालणारे हात मी पाहिले आहेत. पाने पिवळी पडलेली दिसली की युरियाची चिमूट टाकणारे तर घरोघरी भेटतात. वाहत्या पाण्याबरोबर मातीतले नत्र निघून जाते हे खरे. पण ज्या मुळांना श्वास घेता येत नाही, त्यांच्यापुढे खताचे ताट वाढून काय उपयोग? आधी पाणी निघाले पाहिजे, माती थोडी मोकळी झाली पाहिजे, मग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मूठभर द्यावे.

म्हणून आमच्या बागेतले पावसाळ्याचे मुख्य काम पावसाच्या आधीच, मातीची ढेकळे कोरडी असताना होते. वांगी, मिरची, टमाटर यांच्यासाठी वीतभर उंचीचे गादीवाफे करायचे आणि त्यांच्या मधून उताराकडे नाली काढायची, इतकेच ते आहे. नालीचा उतार काढणे सोपे. ती नेऊन सोडायची कुठे, हा खरा प्रश्न असतो. गल्लीत सोडली तर येणारा-जाणारा बोलतो आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडली तर शेजारी. आमची नाली शेवटी शेजारच्या आजींच्या परसातल्या सखल कोपऱ्यात उतरली. तीही त्यांच्या परवानगीने, हे इथेच सांगून ठेवते.

झड लागली की मात्र वाफ्यात पाय ठेवायचा नाही. ओल्या काळ्या मातीत चालले की ती पायाखाली दाबली जाते, आणि ओलीच खुरपली तर तिची ढेकळे उन्हात विटेसारखी वाळतात. हे मला कृषी पुस्तिकेने नंतर सांगितले. आजींनी आधी सांगितले होते. भर चिखलात खुरपी घेऊन निघालेली मी दिसताच त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "कायले घाई करून राहिली व माय? वाफसा येऊ दे." वाफसा म्हणजे माती काम करण्याजोगी मोकळी होणे, आणि तो आला की नाही हे पाहण्याची त्यांची रीत सोपी आहे. मूठभर माती दाबायची आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायची. गोळा फुटून भुगा झाला तर कामाला लागायचे, तसाच पडून राहिला तर चहा ठेवायचा.

झडीत करण्यासारखी कामे वाफ्याच्या बाहेर असतात. दोडक्या-कारल्याच्या मांडवाच्या ओल्या दोऱ्या पुन्हा आवळायच्या, वाऱ्याने कडाडलेली शेवग्याची फांदी कापून टाकायची आणि उन्हाळा संपल्यावर अंगणात विसरलेली कूलरची टाकी उलटी करायची. डेंगीचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात, त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. पाल्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहावे, हे खेड्यात वाढलेल्या कोणाला वेगळे सांगायला नको.

उघाड पडली आणि वाफसा आला की दोन-तीन दिवसांत सगळी कामे एकदम अंगावर येतात. निंदण पहिले. यात मी थोडा पक्षपात करते: गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटते, पण कोवळा तरोटा दिसला की खुरपीचा हात थांबतो, कारण त्याची भाजी वर्षातून एवढ्याच दिवसांत मिळते. केन्याचीही दोन-चार रोपे भज्यांपुरती राखलेली असतात. मग येतात गोगलगायी. त्यांना रात्री बॅटरी घेऊन शोधत बसण्यापेक्षा ओले बारदान संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकून ठेवावे. सकाळी त्याखाली सगळ्या एकत्र सापडतात, त्या उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मावा-तुडतुड्यांसाठी कृषी विद्यापीठांच्या शिफारशीतला ५ टक्के निंबोळी अर्क घरच्या घरी होतो. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवायच्या आणि लागेल तेव्हा ५० ग्रॅम कुटून फडक्यात बांधून रात्रभर भिजत घालायच्या. सकाळी पुरचुंडी पिळून अर्क १ लिटर करायचा आणि साबणाचे थोडे पाणी मिसळायचे. फवारणी मात्र संध्याकाळीच करावी, कारण उन्हाने त्याचा गुण जातो, आणि पावसाने तर सगळा अर्कच धुऊन जातो.

झडीचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. मांडव फुलांनी भरतो आणि फळ धरत नाही. वेलाला दोष दिला जातो, पण त्या ओल्या दिवसांत मधमाशा आणि पतंग फिरकलेलेच नसतात. अशा वेळी नर फूल खुडून त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. मादी फूल ओळखायला सोपे, कारण त्याच्या मागे इवलेसे फळ आधीच असते. वेळ पाळावी लागते. कोहळ्याची फुले पहाटे उमलतात, तर दोडक्याची संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. आमच्या घरी या कामाची चेष्टा होते, आणि चेष्टा करणारे दोडक्याची भाजी दोनदा वाढून घेतात.

हस्त नक्षत्र सरले की माती पुन्हा आवळू लागते. बारीक भेगा दिसताच वरची माती हलकी खुरपून त्या बुजवाव्या लागतात, नाहीतर खालची ओल त्यांतूनच उडून जाते. त्याच सुमारास मेथी आणि सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे पडतात आणि मी फावडे घेऊन नालीचे खालचे तोंड मातीने बंद करायला निघते, म्हणजे हिवाळ्यात दिलेले पाणी वाफ्यातच मुरावे. आता आजींच्या त्या सखल कोपऱ्यात चार महिने आमच्या पाण्यावर धोप्याची, म्हणजे अळूची, पाने सुपाएवढी झालेली असतात. त्या पानांवर हक्क पाणी देणाऱ्याचा की मातीच्या मालकिणीचा, हा वाद दरवर्षी पाटोड्यांच्या ताटाने मिटतो. तरी पहिले फावडे पडले की भिंतीपलीकडून आवाज येतोच, "आत्ताच कायले बुजवून राहिली व? पाटोडीचे दोन घाणे निघतात अजून."