परत आलेले किती?

2013 सालची गोष्ट. आयकर खात्यात कर सहायक म्हणून मला सहा वर्षं होत आली होती. आमच्या कार्यालयात नव्या आयुक्त मॅडम रुजू झाल्या आणि चौथ्या दिवशी सकाळीच त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं.

नवीन साहेब आले की पहिली बैठक वसुलीची, हे ठरलेलं. उद्दिष्ट किती, जमा किती, मार्चअखेर किती येतील. त्या तयारीनेच आम्ही गेलो. मॅडमनी मात्र मासिक तक्त्यातलं तक्रारींचं पान काढलं. प्राप्त, निकाली, शिल्लक असे तीन रकाने. शिल्लक जवळपास शून्य.

"निकाली म्हणजे नेमकं काय केलं?"

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग अधीक्षकांनी खरं ते सांगितलं. अर्ज संबंधित टेबलाकडे पाठवला की आपल्याकडून तो निकाली.

"आणि यातले परत किती आले?"

असा रकाना आमच्याकडे नव्हता.

मॅडम रागावल्या नाहीत. दोनदा किंवा जास्त वेळा आलेला एकेक अर्ज, मूळ कागदांसह, प्रत्येकाने चार वाजेपर्यंत घेऊन यावा, एवढंच म्हणाल्या. कोणता न्यायचा याचा मला विचार करावा लागला नाही. एक निवृत्त शिक्षक तीन वर्षांत तीनदा अर्ज देऊन गेले होते. मी त्यांना गुरुजी म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे, आणि दर वेळी मी तेच सांगायचो, "अर्ज पुढे पाठवलाय."

त्यांच्यावर 2008-09 या करनिर्धारण वर्षाच्या थकीत कराची मागणी निघाली होती. त्यांचं म्हणणं, कर जुलैमध्येच बँकेत भरला. पुढे निवृत्तिवेतनातून जास्त कापलेल्या कराचा परतावा निघाला की तो तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 245 खाली या जुन्या मागणीत वळता व्हायचा. दोन वर्षं तसंच झालं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्यांच्या अर्जाला जोडलेली चलनाची, म्हणजे बँकेत कर भरल्याच्या पावतीची, प्रत नीट पाहिली. प्रत्येक चलनाची ओळख तीन गोष्टींवर ठरते: बँकशाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरणा केल्याची तारीख आणि पाच अंकी अनुक्रमांक. तिन्ही जुळले तरच बँकेकडून आलेल्या नोंदीशी मेळ बसतो आणि कर जमा धरला जातो. त्या काळी कागदी विवरणपत्रांतली चलनं आम्ही हाताने संगणकावर चढवत असू. गुरुजींच्या प्रतीवर अनुक्रमांक होता 00374. संगणकावर होता 00347. विवरणपत्राच्या कोपऱ्यात नोंद केल्याची खूण होती, आणि खाली सही माझी.

ती सही बघून माझे हातपाय गार पडले. दोन अंकांची अदलाबदल. शिक्का स्वच्छ होता, आकडा ठळक होता, आणि ही प्रत तिन्ही अर्जांना जोडलेली होती. बघायला दोन मिनिटंही लागली नसती.

चार वाजता मी ते कागद मॅडमसमोर ठेवले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. त्यांनी तारखा पाहिल्या. कलम 154 प्रमाणे दुरुस्तीचा अर्ज ज्या महिन्यात येई, त्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागे. पहिला अर्ज नोव्हेंबर 2010 चा होता. त्या उठल्या आणि स्वतः करनिर्धारण अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या, कारण आदेश काढण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यांचा. संध्याकाळी आदेश निघाला. वळते झालेले परतावे व्याजासह परत द्यायचे. (थकलेल्या मागणीवर महिन्याला एक टक्का व्याज आणि परताव्यावर अर्धा टक्का, ही तफावत मला आजही खटकते.)

मी गुरुजींना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी आता पुन्हा यायचं का?"

"नको गुरुजी," मी म्हणालो, आणि पुढे बोलायला मला जमलं नाही.

नंतर खूप बदललं. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रांवर संगणकीय क्रमांक सक्तीचा झाला, 2020 मध्ये चेहराविरहित करनिर्धारण आलं. मी या सुधारणांच्या बाजूचा आहे. कोणाची फाईल कोणाकडे हे कळत नाही, तेव्हा चिरीमिरीची वाटच बंद होते. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 2009-10 पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या वादग्रस्त जुन्या मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली. गुरुजींची मागणी त्यातही बसली असती. पण मागणी माफ होणं वेगळं आणि तुम्ही कर भरला होता हे कबूल होणं वेगळं. गुरुजी तीनदा आले ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

मॅडमच्या त्या बैठकीनंतर पुढच्या महिन्यापासून आमच्या तक्त्यात चौथा रकाना आला: परत आलेले. तो भरण्यासाठी मी बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी कपाटातले सगळे जुने अर्ज टेबलावर काढले. अकरा होते. चलनाच्या प्रती एकेक करून संगणकाशी ताडून पाहिल्या. त्यात माझ्या सहीचे आणखी तीन निघाले.