साताऱ्याहून मेलबर्न: पेढे गेले, दंड वाचला

सातारा ते मुंबई गाडी, पुढे सिंगापूरमार्गे मेलबर्न, सगळं नीट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते उतरल्यानंतर विमानतळावर सामान तपासतात त्या दोन तासांबद्दल, कारण तिथे काय होतं हे मला कोणी धड सांगितलं नव्हतं आणि जे सांगितलं ते चुकीचं होतं.

आधी पॅकिंगवाला. कंदी पेढे, धने-जिरे, मामीने सांगलीहून पाठवलेलं भडंग आणि हळद, सगळं वॅक्यूम पॅक करून घेतलं, "वॅक्यूम केलं की कस्टमवाले काही बोलत नाहीत" म्हणून त्याने अठराशे रुपये घेतले. साफ खोटं बोलला. हवा काढली म्हणून पेढ्यातलं दूध जात नाही. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो ना, त्याच्यामुळे तिकडे आपले पेढे, बर्फी, खवा चालत नाही. पैसे घालवू नका.

मग तिकडे शिकणारा ओळखीचा एक दादा. म्हणे कार्डवर सगळीकडे 'नो' टिक कर, 'यस' केलं की अडकवून ठेवतात. विमानात ते इनकमिंग पॅसेंजर कार्ड देतात, त्यात खाद्यपदार्थ, झाडपाला-बिया, लाकडी वस्तू, औषधं, १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त रोख, असे प्रश्न असतात आणि खाली सही. मी पेन घेऊन बराच वेळ बसले आणि शेवटी 'यस'च केलं, खोट्यावर सही करायला हात होईना. तेच बरोबर ठरलं. डिक्लेअर केलेली वस्तू चालत नसेल तर फक्त काढून घेतात, दंड नाही. लपवली आणि सापडली तर हजारो डॉलरचा दंड, आणि स्टुडंट व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. पेढ्यापायी!

रांग मोठी, झोप नाही, पाय सुजलेले. ग्लोव्हज घातलेल्या बाईने एकेक पाकीट उघडलं. दोन किलो पेढे धप्पकन डब्यात पडले, तो आवाज अजून कानात आहे, आईने पहाटे जाऊन आणले होते. धने-जिरेही गेले, त्यातून खापरा, म्हणजे साठवलेल्या धान्यात पडणारा किडा, येतो म्हणून. डाळ, तांदूळ, हरभरे, सुक्या मिरच्या हे पण त्याच यादीत, अजिबात नेऊ नका. हळद आणि भडंग बघून परत दिलं. मग तिने बूट मागितले, अजिंक्यताऱ्यावर घालायचे ते, आणि तळव्याच्या खाचेतून आपली माती टूथपिकसारख्या काडीने उकरून काढली. मातीचं मला सुचलंच नव्हतं. निघायच्या आठवडाभर आधी ब्रशने घासून, धुवून, वाळवून ठेवा. पोळपाट-लाटणं नेत असाल तर तेही डिक्लेअर करा, लाकूड आहे.

औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ पाकिटात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. आजीचं कागदाच्या पुडीतलं चूर्ण नको, त्यावर काय लिहिलंय हे कोणालाच दाखवता येत नाही.

खाण्याचं सगळं एकाच बॅगेत वरती ठेवा. माझं दोन बॅगांत विखुरलेलं होतं, म्हणून निम्मा वेळ मी जमिनीवर बसून कपडे उपसत होते. आणि निळं किंवा काळं पेन हातातल्या पर्समध्ये, राहायचा पत्ता कागदावर लिहून. विमानात पेन मागत फिरणारे चार जण माझ्याच रांगेत होते.

मामी, भडंग पोचलं.