चार नंबरच्या रंध्याचं पातं

"मॅडम, मशीन घ्या ना!" गेल्या वर्षी फोंड्यातल्या तिसऱ्या हार्डवेअरवाल्यानेही हेच सांगितलं. मला मशीन नकोच होतं. आजोबांच्या लोखंडी रंध्याला दोन इंच रुंदीचं पातं आणि मुठीचा बोल्ट, एवढंच हवं होतं. डिचोली झाली, शुक्रवारी म्हापशाचा बाजारही पालथा घातला. प्रत्येक जण बोल्ट बघून मान हलवायचा, कारण त्याचा आटा ना मेट्रिक, ना नेहमीच्या इंची मापाचा. ज्या गोव्यात अजून किती घरांत शिसवी खुर्च्या आहेत, तिथे त्या दुरुस्त करायच्या हत्याराचं एक पातं मिळू नये? राग आला होता. अजून आहे.

खुर्ची माशेलच्या घरातली, आजीची. हाताचा सांधा सुटला म्हणून मध्ये कुणीतरी त्यात दोन खिळे ठोकले आणि कूस, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारी लाकडाची जीभच चिरली. जुना सांधा सरसाचा. वाफ दिली की सुटतो, पुन्हा लावता येतो. खिळ्याची गरजच नव्हती.

मी राहते त्या इंग्लंडमधल्या स्विंडनची ओळख तुम्हाला नको, निम्मा गाव तिथे आहे. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याला मोबाइलवर रंध्याचा फोटो दाखवला. "नंबर चार," तो लगेच म्हणाला. स्टॅनले या अमेरिकी हत्यार कंपनीने बेली नावाच्या कारागिराची रंध्याची पेटंटं १८६९ मध्ये घेतली, तेव्हापासून ही घडण फारशी बदललेली नाही, म्हणून जुन्याचं नव्याला बसतं. पुढच्या रविवारी त्याने पातं आणि बोल्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आणले. चार पौंड घेतले. त्या बोल्टला तेलाचा वास होता, अगदी आजोबांच्या पेटीसारखा. मी तिथेच रडले.

"बाहेर गेलेली माणसं इथे येऊन नावं ठेवतात," असं भाऊ म्हणतो. मी नावं ठेवत नाही. पण कुणी विचारलंच नाही तर दुकानदार तरी माल का ठेवेल? मी इतक्या लांब राहूनही विचारतेय, हेही कुणीतरी धरावं.

यंदा चतुर्थीला पातं सामानात घालून आणलं. गावातल्या मेस्तकाकांनी, म्हणजे आमच्या सुतारकाकांनी, ते बाजूला ठेवलं आणि आजोबांचं जुनंच पातं उजेडात धरलं. "बाय, हे संपलं म्हणून कुणी सांगितलं तुला? अजून बोटभर पोलाद आहे." अर्धा तास दगडावर घासलं, मग मनगटावरचे केस काढून दाखवले. बोल्ट मात्र स्विंडनचाच लागला. शिसवाची नवी पट्टी तासताना कागदासारखी पातळ, जांभळट सालं निघत होती.

पॉलिशच्या लाखेचीही तीच गत. स्विंडनमध्ये सुबक डबीत महागडी चपडा लाख घेतली, तर डबीवर 'भारत'. झारखंडकडच्या पळस-कुसुमावरची लाख विलायतेला जाऊन माझ्याबरोबर परत आली. तीच फोंड्यात कागदाच्या पुडीत सुटी मिळाली. हत्यारासाठी स्विंडन आणि लाखेसाठी फोंडा, एवढं मी आता ठरवून टाकलंय.

पॉलिश मात्र झालं नाही. "पावसात लाख पांढरी पडते," म्हणत काकांनी पॉलिशचा बोळा हातात घेतलाच नाही, आणि माझी रजा संपली. खुर्ची कोरीच आहे, आईने तिच्यावर जुनी साडी टाकलीय. पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलीय. मेस्तकाका दिवाळीनंतर येणार आहेत.