पीएफची एक्झिट डेट आणि अण्णांचं ‘होतंय की’

सोलापुरातली एक कन्सल्टन्सी फर्म मी सप्टेंबर २०२३ मध्ये सोडली. सोडली म्हणजे तिथं जायचं बंद केलं. कागदोपत्री सुटायला पुढचा जानेवारी उजाडला, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहायला लागले होते तेव्हा. फर्मचं नाव लिहीत नाही. शहर लहान आहे, ओळखणारे ओळखतील.

आमचं काम म्हणजे लोकांचे कागद नीट करून देणं. टॉवेल-चादरीचे कारखानदार, चिंचोळी एमआयडीसीतले छोटे उद्योजक यायचे. मी प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सीएमए डेटा, म्हणजे कर्जासाठी बँकेला लागणारे आकड्यांचे तक्ते, करायची. पलीकडच्या टेबलांवर क्लायंटचे जीएसटी, ईएसआय आणि पीएफ भरले जायचे. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लाल मार्करनं ‘१५ तारीख’ असं कायमचं लिहिलेलं असायचं. आदल्या महिन्याचा पीएफ त्या तारखेच्या आत भरायचा असतो. एखाद्या क्लायंटचा राहिला तर सर अख्ख्या ऑफिसला उभं करायचे. ही लाल पंधरा तारीख लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

वातावरणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते आठवलं की अजून माझा आवाज चढतो. वेळ साडेनऊ ते साडेसहा. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापणार, पण रात्री नऊपर्यंत बसलं तर ते कुठल्याच मशीनला दिसत नाही. आमच्या भागात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी मोटार लावून, टाकी भरून निघाले की माझा उशीर ठरलेला. एकदा सरांनी त्यावरून एका क्लायंटसमोरच माझी काढली. सत्तरीचे कारखानदार होते ते. बिचारे मान वळवून कॅलेंडर वाचत बसले, मलाच त्यांची कीव आली. रविवारी ‘फॅमिली मीटिंग’ असायची. कुणाची फॅमिली ते कळायचं नाही, माझी तर घरी वाट बघत असायची. रात्री अकरा वाजता ग्रुपवर मेसेज टाकायचा आणि सकाळी कुणी कुणी वाचला नाही त्याची यादी काढायची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि त्याच्यावर गेलं तर दुप्पट दरानं पैसे असं लिहिलं होतं. त्या कायद्याचं पुस्तक आमच्याच कपाटात होतं. क्लायंटसाठी.

१ सप्टेंबरला राजीनामा दिला. सरांनी तो न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला, “नंतर बोलू.” घरी येऊन भावाला सांगितलं तर त्यानं जेवू दिलं नाही. म्हणाला, आधी मेल कर, स्वतःच्या खासगी मेलवर एक प्रत टाक, मग भाकरी. तेव्हा चिडले होते. पुढं ‘तुमचा राजीनामा मिळालाच नाही’ हे वाक्य दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा तो मेल पुढं केला. नेमणूकपत्रात तीस दिवसांची नोटीस होती, सर तीन महिने म्हणाले. मी नेमणूकपत्राचा फोटो पाठवला आणि ३० तारखेला लॅपटॉप जमा करून निघाले. त्या दिवशी दुपारीच माझा मेल बंद केला होता, त्यामुळे आठ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आतच राहिल्या. शेवटच्या तीन मिळाल्या त्या केवळ मी त्या जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर घेऊन ठेवल्या होत्या म्हणून. तुम्ही राजीनामा द्यायच्या आधी सगळ्या उतरवून घ्या.

१ नोव्हेंबरला सोलापुरातच दुसरीकडं लागले, कर्जाच्या विभागात. तिथल्या मॅडमनी दोन गोष्टी मागितल्या: जुन्या फर्मचं रिलीव्हिंग लेटर आणि पीएफच्या खात्यावर जुन्या नोकरीची एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख. ती तारीख पडल्याशिवाय जुना पीएफ नव्या खात्यात येत नाही. साठ दिवसांत दोन्ही आणा म्हणाल्या. मला वाटलं, साठ कशाला, सहा दिवस पुरे.

अडकले ते इथं.

आमचं अकाउंट बघायचे अण्णा. पन्नाशीचा माणूस, घरी तेलुगू, ऑफिसात आमच्यासारखंच बोलणं, अतिशय गोड. पहिल्या शनिवारी गेले तर म्हणाले, “होतंय की ताई, कशाला टेन्शन घेताव? एक क्लिकचं काम हाय.” दुसऱ्या वेळी सरांची सही राहिली होती. मग बँकेचा सर्व्हर बंद होता. मग दिवाळी झाली की. दिवाळी झाली, तर सर तुळजापूरला गेले होते. प्रत्येक खेपेला मावशी चहा आणायच्या, आणि पाहुण्यांच्या कपात आणायच्या. माझा निळा कप तिथंच फळीवर दिसत होता. त्या कपाचं मला पीएफपेक्षा जास्त लागलं, हे आज कबूल करते.

तिसऱ्या की चौथ्या खेपेनंतर घरी बसून मी पहिल्यांदा स्वतःचं पीएफचं पासबुक उघडलं. दोन वर्षांहून जास्त नोकरी केली, दर महिन्याला स्लिपवर १,८०० रुपये कापलेले बघितले, पासबुक कधी उघडलं नव्हतं. लोकांच्या खात्यांचे ताळेबंद जुळवणारी मी! पंधरा हजारांच्या बेसिकवर माझे १,८००, फर्मचे ५५० आणि फर्मचेच पेन्शनमध्ये १,२५० अशी रांग जून २०२३ पर्यंत नीट चाललेली. त्याखाली काहीच नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर कोरे. माझ्या पगारातून ५,४०० कापले होते, तेवढेच फर्मनं घालायचे होते. एकूण १०,८०० रुपये कुठंच नव्हते.

आता त्यातली मेख ऐका, कारण ही मला कुणी सांगितली नाही. नोकरी सोडून दोन महिने झाले की एक्झिट डेट पीएफच्या पोर्टलवर आपली आपण टाकता येते. फर्मच्या पाया पडायची गरज नसते. पण तारीख टाकायची ती ज्या महिन्याचा शेवटचा हप्ता जमा झालाय त्याच महिन्यातली. माझा शेवटचा हप्ता जूनचा. म्हणजे मी घाई करून बटण दाबलं असतं तर सरकारदरबारी जूनमध्येच नोकरी सोडली असं झालं असतं, आणि सप्टेंबरपर्यंत ऐकलेली बोलणी फुकट. नव्या मॅडमनी विचारलं असतं, मधले तीन महिने कुठं होता? तेव्हा पासबुक बघितल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका.

पुढच्या शनिवारी मी अण्णांना गाडीपाशी गाठलं. आवाज चढवला, चुकलंच. तीन महिन्यांचं चलन भरलं नाही आणि मला क्लिकच्या गोष्टी सांगताय? अण्णा किल्ली हातात घेऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “ताई, माझं तरी कुठं भरलंय?” चलन सगळ्यांचं एकदम जातं. आम्ही बावीस जण होतो. बावीसही जणांचं थकलं होतं, आणि ते अण्णांना सुरुवातीपासून माहीत होतं. एक लेक फार्मसीला, दुसरीचं लग्न काढलेलं. ते कुणाला काय बोलणार होते?

२० नोव्हेंबरला पीएफच्या तक्रारीच्या पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, तक्रार टाकली. पहिला मसुदा पानभर होता, त्यात सरांचं ओरडणं, रविवार, निळा कप, सगळं होतं. भावानं वाचला आणि म्हणाला, हे कविसंमेलनात वाच. मग चार ओळी ठेवल्या: यूएएन (पीएफचा माझा कायमचा नंबर), फर्मचा पीएफ कोड, कोरे महिने, कापलेली रक्कम. सोबत तीन स्लिपा, पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट आणि पासबुकचं पान. तक्रार क्रमांक आला. ओटीपी मात्र पीएफच्या खात्याला जोडलेल्या नंबरवर जातो आणि माझ्या खात्याला वडिलांचा नंबर जोडलेला. ते तेव्हा नेमके अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलेले, फोन पिशवीत. अर्धा दिवस त्यात गेला. आधी नंबर बदलून घ्या.

महिनाभर थांबले. साठ दिवस संपत आले, नव्या मॅडम रोज सकाळी नुसत्या बघायच्या. पीएफवाल्यांचं ‘निधी आपके निकट’ हे शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला असतं असं ऐकलं, म्हणून २७ डिसेंबरला अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. नव्या ऑफिसात रजा एका वाक्यात मिळाली, मी उगाच तीन कारणं तयार ठेवली होती. शिबिरातल्या साहेबांनी तक्रार क्रमांक घातला, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, “तुमचं एकटीचं नाही हे.” मी म्हटलं, माहिती आहे. फर्मकडं विचारणा जाईल म्हणाले.

गेली असणार, कारण नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सरांचा फोन आला. तीन महिन्यांत पहिला. फॅमिलीतल्या माणसानं अशी कंप्लेंट करायची असते का, एक फोन केला असता तर झालं नसतं का, वगैरे. मी सोफ्याचं अभ्रं नीट करत ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हटलं, “सर, पंधरा तारीख असते.” फोन ठेवल्यावर हात थरथरत होते, पण त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त गेल्या, कडक, शेंगाचटणीबरोबर.

९ जानेवारीला पासबुकात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर एकाखाली एक उमटले. १० तारखेला मी ३० सप्टेंबर २०२३ अशी एक्झिट डेट स्वतः टाकली. खरंच एक क्लिकचं काम होतं, अण्णा त्याबाबतीत खरं बोलत होते. १४ तारखेच्या, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी गर्दीत जुन्या ऑफिसातल्या दोघी दिसल्या. एकीनं बघून न बघितल्यासारखं केलं. दुसरीनं जवळ येऊन विचारलं, “आमचे पण जमा झालेत. तूच ना?” मी अक्षता टाकत राहिले.

रिलीव्हिंग लेटर यात्रा आटोपल्यावर व्हॉट्सअॅपवर आलं. त्यात माझ्या नावाची वेलांटी चुकलेली आणि ‘आमच्या परिवाराच्या एक मोलाच्या सदस्या’ असं लिहिलेलं. नव्या मॅडमना चाललं, मीही दुरुस्त करून मागितलं नाही.

फेब्रुवारीत एका रात्री साडेदहाला अण्णांचा मेसेज आला. “ताई, ते एक्झिटचं बटन कुठं असतंय?”

मी लिहिलं: मॅनेजमध्ये जावा, तिथं मार्क एक्झिट. पण आधी राजीनामा मेलवर टाका, अण्णा, आणि सोडल्यावर दोन महिने थांबावं लागतंय.